यंत्राआधी मालकी ठरवा

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत मिळून सुमारे ४७ लाख होती. आख्ख्या डेन्मार्कची आज साधारण ६० लाख आहे. तेवढ्याशा देशातून मर्स्कची मालवाहू जहाजे निघाली, नोवो नॉर्डिस्कचे इन्सुलिन निघाले, वेस्टासच्या पवनचक्क्या, ग्रुंडफॉसचे पंप, शीतगृहाच्या यंत्रणेत बसणारे डॅनफॉसचे व्हॉल्व्ह, लेगोची खेळणी, डेमंटची श्रवणयंत्रे, आर्लाचे लोणी आणि नोवोनेसिसची विकरे निघाली. ही यादी वाचून आपल्याकडचा तरुण विचारतो की यांच्याकडे नोकरी कशी मिळेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तरही सोपे आहे: यांतल्या बहुतेकांची भारतातली कामे चेन्नई, बंगळूर आणि मुंबई-पुण्याकडे आहेत, तिकडे चौकशी करावी. पण वऱ्हाडात राहून शेतकरी उत्पादक कंपनी चालवणाऱ्या संचालकाला, अकोल्यातल्या दाल मिलवाल्याला, एमआयडीसीत शेतीची अवजारे घडवणाऱ्या कारखानदाराला या कंपन्यांकडून घेण्यासारखे काही आहे का, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की या कंपन्यांची यंत्रे, भांडवल किंवा तंत्रज्ञान पाहण्याआधी त्यांची मालकी पाहा. कंपनी कोणाची, नफा कुठे जाणार आणि संस्थापक गेल्यावर ती कोणाच्या हाती राहणार, हे त्यांतल्या बऱ्याच जणांनी लवकर आणि लेखी ठरवले. आपण नेमके हेच शेवटी ठेवतो.

याचा सर्वांत जवळचा दाखला महाराष्ट्रातच आहे, आणि तो डेन्मार्कच्या दोन माणसांनी उभारलेला आहे. हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोघे एफ. एल. स्मिथ या डॅनिश कंपनीचे अभियंते. टुब्रो १९३४ साली कोइमतूरजवळच्या मदुक्कराई सिमेंट कारखान्याच्या उभारणीसाठी आले, होल्क-लार्सन १९३७ साली. माथेरानच्या सुटीत दोघांचा विचार पक्का झाला आणि १९३८ साली मुंबईत लार्सन अँड टुब्रो सुरू झाली. पहिला धंदा होता डेन्मार्कहून येणारी दुग्धयंत्रे विकण्याचा. १९४० साली जर्मनीने डेन्मार्क ताब्यात घेतला, माल येणे थांबले, आणि विकायला काही नाही म्हणून दोघांनी दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप काढले. बाहेरून आणून विकणारी पेढी अशी स्वतः बनवणारी झाली. इथवरची गोष्ट बहुतेक अभियांत्रिकी विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पुढचा भाग कमी सांगितला जातो. १९५० साली ती सार्वजनिक कंपनी झाली, भांडवल हजारो भागधारकांत विखुरले, आणि संस्थापक निवृत्त झाल्यावर कंपनीला धरून ठेवणारा मालक असा कोणी उरला नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी रिलायन्सने मोठा हिस्सा घेतला आणि धीरूभाई अंबानी काही काळ अध्यक्ष झाले. २००१ साली रिलायन्सचा हिस्सा बिर्ला समूहाच्या ग्रासिमकडे गेला. हा पेच २००३ साली सुटला तो कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टमुळे: ग्रासिमकडचा हिस्सा या ट्रस्टने घेतला आणि त्या बदल्यात सिमेंटचा व्यवसाय वेगळा होऊन बिर्लांकडे गेला. चंद्रपूर जिल्ह्यातला आवारपूरचा कारखाना, म्हणजे विदर्भातच उभा राहिलेला एल अँड टीचा पहिला सिमेंट कारखाना, तेव्हापासून अल्ट्राटेकच्या नावावर आहे. कंपनी उत्तम चालत होती, अभियंते उत्तम होते, कामांची कमतरता नव्हती. फक्त मालकीचा प्रश्न पन्नास वर्षे उघडा राहिला होता, आणि तो मिटवायला एक अख्खा व्यवसाय सोडावा लागला.

ज्या देशातून हे दोघे आले होते तिथे हा प्रश्न आधीच्या दोन पिढ्यांनी शेतातून सोडवायला घेतला होता. काळाचा योग पाहण्यासारखा आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या वर्षांत वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलमधून न भूतो असा भाव आला आणि युद्ध संपताच तो कोसळला. १८६४ साली डेन्मार्क प्रशिया व ऑस्ट्रियाशी लढाई हरला, श्लेसविग आणि होल्स्टाइन हे सुपीक प्रांत गमावून बसला, आणि पुढच्या दशकात अमेरिकेच्या व रशियाच्या स्वस्त गव्हाने त्याच्या शेतकऱ्याचा धान्याचा बाजारच मोडला. दोन्ही प्रदेश दूरच्या बाजारावर कच्चा माल विकून जगत होते, दोघांनाही एकाच पिढीत तडाखा बसला. वऱ्हाडात कापसासाठी जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला रेल्वेचे फाटे आले, रुई गठाणी बांधून जातच राहिली, पुढची कमाई परमुलखात होत राहिली. डेन्मार्कच्या कास्तकाराने धान्य विकायचे कमी केले, ते गाईला घातले आणि लोणी विकायला काढले. १८८२ साली पश्चिम जटलंडमधल्या हेडिंग या गावी शेतकऱ्यांनी पहिले सहकारी दुग्धालय काढले. त्याच सुमारास सलग चालणारे मलई यंत्र आले होते, त्यामुळे दहा गोठ्यांतले दूध एकत्र करूनही लोणी चांगले निघू लागले. पण यंत्र श्रीमंत जमीनदारही घेऊ शकत होता. गावकऱ्यांना पुढे नेले ते त्यांच्या करारपत्राने. घरापुरते ठेवून उरलेले सगळे दूध ठरावीक वर्षे इथेच घालायचे, नफा दुधाच्या प्रमाणात वाटायचा, मत मात्र गाई मोजून न देता माणशी एक, आणि कर्जाला सगळे सभासद मिळून जबाबदार. दहा वर्षांत अशी शेकडो दुग्धालये झाली. मलई काढलेले दूध शेतकऱ्याला परत मिळे, ते डुकरांना जाई, आणि १८८७ साली हॉर्सेन्सला सहकारी मांस-प्रक्रिया कारखाना निघाला. आजच्या आर्ला आणि डॅनिश क्राउन या कंपन्या याच मुळावर वाढल्या.

लोण्याच्या बाबतीत त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती आपल्या बाजारासाठी विशेष लक्ष देण्याजोगी आहे. शेकडो दुग्धालयांनी शेकडो नावे न काढता १९०१ साली एकच सामाईक शिक्का घेतला, जुन्या काशाच्या शिंगाचे चित्र असलेला, आणि १९०६ पासून निर्यातीच्या लोण्यावर तो कायद्यानेच लागू झाला. शिक्का ठेवायचा तर तपासणीला कधीही तयार राहायचे: अचानक निरोप येई आणि त्या दिवशी तयार असलेले लोणी जसेच्या तसे पाठवावे लागे. खास नमुना बनवून पाठवायची सोय नव्हती. आपल्याकडे एकेका तालुक्यात तुरीच्या डाळीचे दहा-दहा ब्रँड निघतात, प्रत्येकाची पिशवी सुंदर असते, आणि मुंबईच्या व्यापाऱ्याला पिशवीच्या आत काय असेल याची खात्री एकाचीही नसते. अमरावती-अकोल्यातल्या पंधरा-वीस उत्पादक कंपन्यांनी मिळून एक नाव घेतले, एकच दर्जापत्रक लिहिले आणि न सांगता नमुना उचलण्याचा अधिकार बाहेरच्या प्रयोगशाळेला दिला, तर जाहिरातीवर होणारा खर्च वाचेल आणि भाव जास्त टिकेल. संत्र्याला नागपुरी म्हणून भौगोलिक मानांकन मिळाले आहे. वरुड-मोर्शीच्या बागायतदाराला त्याचा पुरेसा पैसा का मिळत नाही, याचे एक कारण हेच आहे की मानांकनामागे रोजची तपासणी उभी राहिली नाही.

आता दुसरा प्रकार पाहू, कारण सगळ्या डॅनिश कंपन्या सहकारी नाहीत. नोवो नॉर्डिस्क, कार्ल्सबर्ग, मर्स्क, ग्रुंडफॉस, डेमंट यांच्या शेअरच्या मागे एक प्रतिष्ठान आहे. संस्थापकाने किंवा त्याच्या कुटुंबाने नियंत्रणाचा हिस्सा अशा संस्थेला कायमचा दिला, जिला स्वतःचा मालक नसतो. तिला कंपनी विकून मोकळे होता येत नाही, नफ्यातला वाटा विज्ञान, शिक्षण, आरोग्य अशा कामांवर खर्च करावा लागतो. नोवो नॉर्डिस्कमध्ये प्रतिष्ठानाचे भांडवल सुमारे २८ टक्केच आहे, पण मते तीन-चतुर्थांशांहून अधिक आहेत. बाजारातून पैसा घेतला, हुकूम मात्र हातचा सोडला नाही. या प्रकारातली जुनी आणि मला सर्वांत बोलकी वाटणारी घटना कार्ल्सबर्गची आहे. जे. सी. याकॉबसेन यांनी १८७५ साली आपल्या मद्यनिर्मितीच्या कारखान्याला जोडून प्रयोगशाळा काढली, १८७६ साली प्रतिष्ठान स्थापून त्याची सूत्रे डेन्मार्कच्या विज्ञान अकादमीने निवडलेल्या शास्त्रज्ञांकडे दिली, आणि निष्कर्ष दडवायचे नाहीत असा दंडक घातला. तिथे १८८३ साली योहान केल्डाल यांनी पदार्थातले नत्र मोजण्याची पद्धत काढली. सोयाबीनच्या ढेपेत किंवा डाळीत प्रथिने किती, हे ठरवायला ती पद्धत अजून वापरतात. १९०९ साली तिथल्याच एस. पी. एल. सोरेनसेन यांनी आम्ल-विम्लता मोजायची पट्टी दिली. तुमच्या जमीन आरोग्य पत्रिकेवर सर्वांत वर जो ‘सामू’ लिहिलेला असतो, तो हाच. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, जिथे दर्यापूर-अकोट भागातली विहीर गोडी लागेल की खारी यावर घराचे नशीब ठरते, तिथे जमिनीचा सामू किती हा पोटापाण्याचा प्रश्न आहे. तो मोजण्याचे माप एका कारखान्याच्या नफ्यातून आले, कारण तो नफा कुठे जायचा हे मालकाने हयातीतच लिहून ठेवले होते.

दारूविरुद्ध सारे आयुष्य वेचणाऱ्या गाडगेबाबांच्या जिल्ह्यात मद्य बनवणाऱ्या कंपनीचे उदाहरण कोणाला खटकेल, आणि ते खटकणे योग्य आहे. म्हणून इन्सुलिनचे उदाहरण घ्या. नोबेल पारितोषिक मिळालेले शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग १९२२ साली टोरांटोला गेले, तिथे नुकत्याच सापडलेल्या इन्सुलिनचे उत्पादन डेन्मार्कमध्ये करण्याची परवानगी घेऊन आले. त्यांच्या पत्नी मारी स्वतः डॉक्टर होत्या आणि मधुमेही होत्या. १९२३ साली नॉर्डिस्क इन्सुलिन प्रयोगशाळा सुरू झाली. मूळ संस्थेतून बाहेर पडलेल्या पेडरसन बंधूंनी १९२५ साली नोवो काढली. या दोन कंपन्या साठ-पासष्ट वर्षे एकमेकींशी झुंजल्या आणि १९८९ साली एक झाल्या. इतकी दीर्घ झुंज खेळायला आणि मग एकत्र यायला धीर लागतो, आणि तिमाही निकालाकडे डोळे लावून बसलेल्या मालकाकडे तो सहसा नसतो. कोपनहेगन बिझनेस स्कूलचे स्टीन थॉमसन यांनी अशा प्रतिष्ठानांच्या कंपन्यांचा अभ्यास केला आहे. त्या जास्त वर्षे टिकतात, कर्ज कमी घेतात आणि व्यवस्थापक वारंवार बदलत नाहीत, असे त्यातून दिसते.

अर्थात टिकणे म्हणजे चूक न होणे नव्हे. सप्टेंबर २०२५ मध्ये याच नोवो नॉर्डिस्कने ९,००० कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले; लठ्ठपणाच्या औषधात आघाडीवर असताना ती स्पर्धेत मागे पडली होती. लेगो २००३-०४ मध्ये बुडायच्या बेतात आली होती. वेस्टासचे तर १९८६ साली दिवाळेच निघाले. मालकी चांगली असली की धंदा आपोआप चालतो असे मी म्हणत नाही. मालकी ठरलेली असली की चूक सुधारायला वेळ मिळतो, एवढेच म्हणतो, आणि वेळ ही गोष्ट पावसावर जगणाऱ्या मुलखाला किती महाग पडते हे वऱ्हाडला सांगायला नको.

वेस्टासची सुरुवात वर्कशॉप चालवणाऱ्यांनी बारकाईने पाहावी. १८९८ साली लेम नावाच्या छोट्या गावात एच. एस. हान्सन या लोहाराने आपले काम सुरू केले. त्याच्या मुलाच्या काळात, १९४५ साली, वेस्टास हे नाव आले. त्यांनी स्वयंपाकघरातली उपकरणे केली, दुधाचे कॅन थंड ठेवणारी यंत्रे केली, आणि १९७९ साली पहिल्या पवनचक्क्या विकल्या. त्याच काळात अमेरिकेत नासा आणि मोठमोठ्या विमान कंपन्या प्रचंड पवनचक्क्यांवर सरकारी पैसा ओतत होत्या. डेन्मार्कची यंत्रे लहान, जड आणि साधी होती, पण ती फिरत राहिली. यामागे दोन कारणे होती. पवनचक्की घेणाऱ्यांची संघटना कोणाचे यंत्र किती चालले, किती वेळा मोडले, याचे आकडे नियमित छापत असे, त्यामुळे वाईट बनावट लपवता येत नसे. आणि सरकारी अनुदान हवे तर रिसो येथील चाचणी केंद्राची मान्यता लागे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल ही आपल्याकडची तशीच गोष्ट आहे: साधी, खेड्यात चालणारी, बचत गटाला झेपणारी. ती बनवणाऱ्या वर्कशॉपने एवढे करावे की विकलेल्या प्रत्येक गिरणीची वही ठेवावी, दर हंगामानंतर गिऱ्हाइकांची बैठक घ्यावी, कुठला रोलर किती क्विंटलनंतर झिजला, चुरी किती पडली, हे सगळ्यांसमोर लिहून घ्यावे आणि ते कागद विद्यापीठाला द्यावेत. आपली उणीव उघडी पडेल ही भीती खरी आहे. पण ती उणीव गिऱ्हाइकाला आधीच माहीत असते. अंधारात फक्त बनवणारा असतो.

इथे सर्वांत मोठा आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सहकार आम्हीही केला, वऱ्हाडात त्याची अवस्था काय झाली, असे कोणीही म्हणेल. सूतगिरण्या बंद पडल्या, १९७२ साली मोठ्या आशेने आलेली कापूस एकाधिकार योजना तोट्यात रुतली, अनेक संस्थांच्या इमारती आणि थकबाकी तेवढी उरली. हे सगळे खरे आहे. पण सूतगिरण्यांच्या उभारणीचा प्रचलित आराखडा पाहा: सभासदांचे भांडवल जेमतेम ५ टक्के, शासनाचे ४५ टक्के आणि ५० टक्के कर्ज. ज्या संस्थेत सभासदाचे रुपयात पाच पैसे तेवढे गुंतलेले असतात, तिथे तो मतदार असतो, मालक नसतो. हेडिंगचा शेतकरी कर्जाला घरादारासकट बांधलेला होता. दूध पातळ घातले तर स्वतःचेच नुकसान होते हे त्याला रोज सकाळी जाणवत असे. आपल्याकडे एकाधिकारात कापूस घालायचे बंधन होते ते सरकारी कायद्याचे, सभासदाने स्वतः लिहून दिलेल्या कराराचे नव्हते; भाव चढला की बाहेर आणि पडला की संस्थेला, असा व्यवहार चालला. तेव्हा जे फसले ते सहकाराचे नाव होते. सभासदाच्या मालकीची आणि माल घालण्याच्या बंधनाची कसोटी इथे नीट लागलीच नाही. डेन्मार्कला काही आधीचे भांडवल होते हेही मान्य करायला हवे: १८१४ साली सक्तीच्या शिक्षणाचा कायदा, १८४४ पासून गावोगावच्या तरुण शेतकऱ्यांसाठी लोकविद्यालये, मध्यम आकाराच्या जमिनी. आपली बहुसंख्य शेती कोरडवाहू आहे, तुकडे लहान आहेत. पण शिक्षणाची बाजू आपल्याकडे कोरी नाही. पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली ती कास्तकाराच्या मुलासाठीच, आणि आज उत्पादक कंपन्यांचे हिशेब लिहिणारी मुले त्या परंपरेतूनच आली आहेत.

आता प्रत्यक्ष करायचे काय ते सांगतो. उत्पादक कंपनीच्या संचालकांना आपला कायदा हेडिंगच्या करारपत्राच्या किती जवळ आहे याची कल्पना अनेकदा नसते. २००२ साली कंपनी कायद्यात उत्पादक कंपन्यांसाठी वेगळा भाग आला, आणि आज तो २०१३ च्या कायद्यात आहे. किमान १० उत्पादक, माणशी एक मत, शेअर बाहेरच्याला विकता येत नाही, शेअरवरचा परतावा मर्यादित, आणि उरलेला नफा सभासदाने केलेल्या उलाढालीच्या प्रमाणात बोनस म्हणून देता येतो. मालाच्या किमतीतला काही भाग रोखून ठेवून नंतर रोख किंवा शेअरच्या रूपाने देण्याची तरतूदही त्यात आहे. ही शेवटची तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते आणि ती सर्वांत कमी वापरली जाते. तुरीच्या क्विंटलमागे थोडी रक्कम रोखून ती त्या सभासदाच्या नावावर शेअर म्हणून जमा केली, तर पाच-सात हंगामांत कंपनीला बिनव्याजी भांडवल मिळते आणि सभासद खराखुरा मालक होतो. केंद्राच्या योजनेत सभासदामागे २,००० रुपयांपर्यंत आणि कंपनीमागे १५ लाखांपर्यंत समभाग अनुदान आहे, तेही सभासदाने आधी स्वतःचे घातले तरच जुळते. अनुदान घ्या, पण त्यासाठी कंपनी काढू नका. आधी माल घालण्याचा करार लिहा. सगळी तूर मागू नका, लग्नकार्याला आणि सावकाराला लागणारी तूर कास्तकार तुमच्याकडे घालणार नाही. एक-तृतीयांश मागा, पण तीन हंगामांसाठी मागा, आणि न घातल्यास बोनस जाईल हे स्पष्ट लिहा. काट्यावर ओलावा मोजायचे यंत्र सभासदासमोर लावा आणि आकडा पावतीवर छापा. कापसाला सीसीआय ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव देते आणि १२ च्या वर घेत नाही. तसाच उघडा नियम तुमच्या तुरीला आणि सोयाबीनला हवा, आणि तो अध्यक्षाच्या भावाच्या पोत्यालाही लागला पाहिजे.

ज्यांची दाल मिल, जिनिंग किंवा कारखाना घरचा आहे त्यांचा प्रश्न वेगळा आहे. डॅनिश प्रतिष्ठान इथे जसेच्या तसे उचलता येणार नाही. आयकरातली सवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थेने कंपनीचे शेअर धरून बसण्यावर आपल्याकडे कडक बंधने आहेत. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भांडवल ट्रस्टांकडे आहे ते फार जुन्या व्यवस्थेमुळे. पण म्हणून हातावर हात ठेवण्याचे कारण नाही. कुटुंबाचा खासगी ट्रस्ट करता येतो, कर्मचाऱ्यांचा ट्रस्ट करता येतो, आणि हे दोन्ही चार्टर्ड अकाउंटंट व वकील यांच्याकडून लिहून घेण्यासारखे आहेत. तेही जड वाटत असेल तर निदान एक कागद करा, आणि तिन्ही भाऊ एका ताटात जेवतात तोवरच करा. त्यात चार गोष्टी असाव्यात: गिरणीची इमारत आणि जागा वाटणीत तोडायची की नाही, घरातला कोणी मुलगा किंवा मुलगी कामात येणार असेल तर कोणत्या पात्रतेवर आणि कोणत्या पगारावर, बाहेर पडणाऱ्या भावाच्या हिश्शाची किंमत कोण आणि कशी ठरवणार, आणि दरवर्षीच्या नफ्यातला किती भाग यंत्रसामग्री व तपासणीसाठी बाजूला ठेवल्याखेरीज घरात पैसा न्यायचा नाही. भाऊबंदकीने बंद पडलेल्या गिरण्या प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांतल्या बहुतेकींचे यंत्र शेवटच्या दिवसापर्यंत धड होते.

पैसा बाजूला ठेवायचाच तर तो मोजमापावर ठेवा, आणि सुरुवात लहान असू द्या. नांदगाव पेठच्या कापड उद्योगांनी जीन्स मऊ करायला दगडांऐवजी विकरे वापरायची म्हटली, तरी किती अंशांवर, किती सामूला, किती वेळ, हे मोजणारा माणूस आधी लागतो. विकर विकणारी कंपनी तो तुम्हाला देणार नाही. अमरावतीला मंजूर झालेल्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कमुळे अशा माणसांची गरज वाढणार आहे. डाळवाल्यांनी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेशी वर्षाचा करार करावा आणि प्रत्येक लॉटचे प्रथिने, ओलावा व तुकड्याचे प्रमाण तारखेसह नोंदवावे. दोन हंगामांच्या नोंदी हातात असल्या की मोठ्या खरेदीदाराशी भावावर बोलताना पायाखाली जमीन असते. कर्ज मागायला बँकेत गेलात तरी शाखाधिकारी कोटेशनच्या आधी हीच वही पाहील.

कायद्याप्रमाणे कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा साधारणपणे सप्टेंबरअखेर होतात, म्हणजे नवे सोयाबीन काट्यावर येण्याच्या थोडे आधी. तुमच्या उत्पादक कंपनीच्या यंदाच्या सभेत हिशेबाला मंजुरी आणि लेखापरीक्षकाची नेमणूक यांच्या बरोबरीने माल घालण्याच्या कराराचा आणि रोखून ठेवायच्या रकमेचा असे दोन ठराव मांडा. ते मराठीत, एका पानावर, आकड्यांसकट लिहा, सभेच्या पंधरा दिवस आधी गावोगाव वाचून दाखवा, आणि विरोधात बोलणाऱ्यांची नावे व कारणे इतिवृत्तात नोंदवा. संचालकांनी आपल्या तुरीच्या करारावर सभेतच, सर्वांत आधी सही करावी. एकदा ऑक्टोबरमध्ये ट्रॉल्या लागल्या आणि भाव रोज हलायला लागला, की हा विषय काढायला पुढच्या सप्टेंबरपर्यंत थांबावे लागेल.